चपला आत घेऊन येणारी माणसं

शुक्रवार, १० ऑक्टोबर
मिरज

सकाळपासून व्हॉट्सअॅपवर मेंदूची चित्रं आणि सूर्योदय येतायत, तेव्हा लक्षात आलं, आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. दुपारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन. रविवारी उपासना संपली की दहा मिनिटं बोला म्हणाले. एरवी हा विषय काढला की नाताळची तयारी मध्ये यायची, नाहीतर संडेस्कूलचं बक्षीस वितरण. आता स्वतःहून विचारतायत म्हटल्यावर नाही कशाला म्हणू? एक अट मात्र घातली. "सिस्टर, फार डॉक्टरी नको. आत्मिक असू द्या."

आत्मिक म्हणजे नेमकं काय, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. (नर्सची नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी गावात मी सिस्टरच. बरं आहे, 'मॅडम'पेक्षा माणसं मोकळी बोलतात.)

टिपणं काढायला बसले आणि भलतंच लिहीत सुटले. लिहू दे.

मिरजेच्या ख्रिस्ती माणसाला दवाखान्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. मिशनचे डॉ. वानलेस इथं आले, १८९४ साली दवाखाना उभा राहिला, आणि मोतीबिंदूपासून पोटाच्या ऑपरेशनपर्यंत कुठकुठली माणसं मिरजेला यायला लागली. आमच्या कित्येक घरांची चूल दवाखान्यांवरच पेटली. कुणी कंपाउंडर, कुणी नर्स, कुणी लॅबमध्ये. मी ऑपरेशन थिएटरला होते तेव्हाची रीत आठवते. पेशंट टेबलावर घेतला की आधी प्रार्थना, मग भूल. प्रार्थना झालीय तर भूल जरा कमीच द्या, असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. आणि याच घरांमध्ये डोक्याची गोळी म्हटलं की आवाज खाली जातो. साखरेची गोळी जेवणाच्या टेबलावर, बीपीची देवघराच्या फळीवर बायबलाशेजारी, आणि डोक्याची गोळी कपाटात साड्यांच्या खाली.

आमच्याही घरात ती साड्यांच्या खालीच होती. धाकट्या भावजींची.

भावजी तंतुवाद्यांच्या कामात होते. सतारीची जवारी काढायची म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा हलक्या हातानं घासत, पुन्हा पुन्हा तार छेडून ऐकत बसायचं. त्याला कान लागतो, आणि त्यांच्या कानाचं उस्तादसुद्धा कौतुक करायचे. तेच भावजी एक दिवस दोन्ही कानांत कापूस घालून जेवायला बसले. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, गप्प बसा, ते बोलतायत." कोण बोलतायत ते सांगेनात.

पुढचं कुठल्याही मराठी घरात होतं तेच. सासूबाईंनी उपवास धरला. चर्चच्या मंडळीतल्या बायका येऊन रात्रभर प्रार्थना करून गेल्या. एका शेजाऱ्यांनी गुरुवारी दर्ग्यात नेऊन आणलं, कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं लग्न लावा. शेवटी मी आणि ह्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप आली, आवाज हळूहळू मागं हटले, भावजी परत कामावर जायला लागले. आणि मग बाहेरगावचे एक प्रचारक आले. सभेत त्यांनी हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "विश्वास ठेवलायस ना? मग गोळी कशाला?" सासूबाईंनी घरी येऊन पाकिटं गटारात टाकली. आठवडा-दोन आठवडे बरं झाल्याच्या साक्षी झाल्या, स्तुतिगीतं झाली. त्यानंतर भावजी घरातून गेले ते जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर सापडले. अंगावर धड कपडे नाहीत, आम्हाला ओळखेनात.

मला त्या प्रचारकांचा अजून राग येतो. क्षमा करायची असते हे मलाही माहीत आहे, करतेच आहे, पण राग येतो.

नात्यातल्या कुणीतरी वेल्लोरचं सुचवलं. काटपाडी स्टेशनला उतरून ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बागायमच्या मनोरुग्ण केंद्रात गेलो. हे केंद्र १९५७ पासूनचं. तिथं पेशंटला एकटं ठेवून घेत नाहीत, घरचं माणूस सोबत राहायला लागतं, स्वयंपाकपाणी आपलं आपण करायचं. सासूबाईंनी इथून ज्वारीचं पीठ नेलं होतं. भाकरी थापता थापता शेजारच्या तेलुगू बाईकडून त्यांना कळलं, तिचा मुलगाही असाच कानात बोटं घालून बसतो. तिथले डॉक्टर मला आठवतात, पण सासूबाईंचं मन त्या चुलीपाशी फिरलं असं मला वाटतं. आपल्याच घरावर आलेलं नाही, हे त्यांना तिथं कळलं.

आणि तिथले चॅपलेन, म्हणजे दवाखान्याचे पाळक. रोज संध्याकाळी यायचे, पायरीवर बसायचे. त्यांना मराठी नाही, भावजींना तमिळ नाही, मोडक्या हिंदीत सतारीच्या तरफांबद्दल, म्हणजे खालच्या गुंजणाऱ्या तारांबद्दल विचारायचे. किती तारा, कुठली तार कशाची. सासूबाई वैतागल्या. "हा बाबा प्रार्थना कधी करणार?" दिवस गेले, भावजी सतारीवर बोलता बोलता एकदा स्वतःहून म्हणाले, रात्री भीती वाटते. तेव्हा त्यांनी विचारलं, "प्रार्थना करू का?" विचारलं! मी आयुष्यभर मंडळीत वाढले, प्रार्थना करू का असं आजाऱ्याला कुणी विचारलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आपण सरळ डोळे मिटून सुरूच करतो.

मी समुपदेशनाच्या या कामाकडे वळले त्याचं मूळ तिथं आहे. देवाची हाक वगैरे म्हणायची आमच्यात पद्धत आहे. असेल. मला ती पायरीवर ऐकू आली इतकंच.

पुढचं थोडक्यात. बाहेरून एम.ए. केलं मानसशास्त्रात, पुण्यात समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, आणि मग वेल्लोरलाच दवाखान्यातल्या पाळकीय सेवेचं प्रशिक्षण. या प्रशिक्षणाची सुरुवात अमेरिकेत अँटन बॉइसन नावाच्या पाळकांनी १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात केली. हे गृहस्थ त्याआधी स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते सांगायचे, ग्रंथ वाचता तसा हा माणूस वाचायला शिका. आमच्या मंडळीत असा पाळक आला तर त्याला व्यासपीठावर चढू देतील का, हा प्रश्न मी वर्गात विचारला होता. सगळे हसले, उत्तर कुणी दिलं नाही.

तिथं 'व्हर्बॅटिम' लिहायला लागायचं. पेशंटशी झालेलं बोलणं आठवून शब्द न् शब्द कागदावर उतरवायचं, तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, गप्प बसलो तर तेही. मग गटात वाचायचं. आमच्यातल्या एका तरुण पाळकाच्या कागदावर पेशंट म्हणत होता, "बायको मला सोडून गेली," आणि लगेच पुढची ओळ होती, "आपण प्रार्थना करू या." शिक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ही प्रार्थना कुणाच्या सोयीसाठी होती?" तो बिचारा लाल झाला. पण प्रश्न फक्त त्याला नव्हता. दुःखाशेजारी बसवत नाही म्हणून माणूस प्रार्थनेच्या आडून पळ काढतो, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं. (धंदा म्हटलेलं सासूबाईंना आवडत नाही, सेवा म्हण म्हणतात.)

रात्र फार झाली. बाकी उद्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज समुपदेशनाच्या खोलीवर गर्दी. खोली म्हणजे मिशन कंपाउंडातली जुनी, पूर्वी संडेस्कूलच्या बाकांची अडगळ होती तिथं. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ. क्रूस मी लावलेला नाही, यावरून मंडळीत थोडी कुरबुर झाली होती. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाहेरचे असतात. याची सुरुवात २०१९ च्या महापुरात झाली. ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. निवारा शिबिरात आम्ही भाकरी वाटायला गेलो होतो आणि बायका भाकरी हातात धरून नुसत्या बसायच्या. पुढं त्यातल्याच काहीजणी शोधत मिरजेला आल्या. एकजण अजून जुलै लागला की येते. कोयनेतून विसर्ग वाढला अशी बातमी आली की ती रात्री उठून डबे माळ्यावर चढवत बसते, नवरा चिडतो. आम्ही काय करतो? पाणी किती फुटांवर गेलं की काय हलवायचं, याची यादी केली. ती यादी तिच्या फ्रीजवर लावलेली आहे. यादीतला आकडा येईपर्यंत झोपायची परवानगी.

त्यांच्यातलीच एक पहिल्या दिवशी दारातून विचारत होती, "ताई, हितं धर्म बदलाय लागतो का?" मी म्हटलं, इथं फक्त बसायला लागतं. कुणी प्रार्थना मागितली तर करते. नाही मागितली तर त्याच्यासाठी घरी करते, तो माझा प्रश्न.

आणि चपला. बहुतेकजण चपला बाहेर काढत नाहीत, हातात घेऊन आत येतात आणि खुर्चीखाली ठेवतात. चपलेवरून माणूस ओळखू येतं ना. मिरजेसारख्या गावात नक्कीच येतं.

दुपारी मिरज पूर्व भागातले एक द्राक्षबागायतदार आले, बायकोनं आणलं. फळछाटणी झाली, माल पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत, असताना पाऊस झाला, दावण्या रोगाची भीती, फवारणीवर फवारणी, आणि सोसायटीचं कर्ज. हे सगळं ते अगदी हिशोब सांगावा तसं सांगत होते. झोप नाही, जेवण नाही, बागेत जाऊन नुसते उभे राहतात. बायको पदर तोंडाला लावून बसलेली. मी तिला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "दादा, जीव नकोसा होऊन मरणाचा विचार येतो का?"

ते बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येतोय की. पण तुमी कसं ओळखलं?"

नव्या मुलांना शिकवताना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. असतोच, विचारल्यानं तो बाहेर यायला वाट मिळते. त्यानंतरची कामं साधी आणि तातडीची. फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात, किल्ली मेव्हण्याकडे. रात्री एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्या फोनमध्ये, तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टर. हे नैराश्य गोळीचं आहे, नुसत्या माझ्या खुर्चीचं नाही, हे मला दहा मिनिटांत कळलं होतं. ही हद्द ज्याला कळत नाही त्यानं पाटी उतरवावी असं माझं स्पष्ट मत आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, पण 'समुपदेशक' अशी पाटी आज कुणीही लावतंय.

जाताना म्हणाले, "पोलिसात तर कळवणार न्हाई न्हवं?" आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा, हे डोक्यात पक्कं बसलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं ठरवलंय, त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. आणि नुसत्या मनात आलेल्या विचाराचा गुन्हा तर कधीच नव्हता. हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

बोलले. दहाची पंधरा मिनिटं झाली.

आत्मिक हवं होतं, म्हणून बायबलातला एलीया घेतला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा पराक्रम केलेला संदेष्टा, पुढच्याच अध्यायात झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत त्याला रागावत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. झोपू देतो. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, तेही होरेब डोंगरापर्यंत चालून गेल्यावर. मी एवढंच म्हटलं की आपण हा क्रम उलटा करतो. मग थिएटरातली प्रार्थना आणि भूल सांगितली. मागच्या बाकांवर जुन्या नर्सा बसल्या होत्या, त्यांच्या माना हलल्या.

भावजींचं नाव घेतलं नाही. ते पेटीवर बसले होते. गोळी अजून चालू आहे, रविवारी पेटी वाजवतात, आणि त्यांची गोष्ट सांगायची की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा. काल विचारलं तर "यंदा नको" म्हणाले.

बाहेर चहाला मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका वडिलांनी (एल्डरनी) गाठलं. म्हणाले, बोललात छान, पण गोळीचं एवढं सांगितलं तर लोकांचा प्रार्थनेवरचा विश्वास उडेल. मी विचारलं, तुमची बायपास झाली तेव्हा उडाला होता का? हसले, पण पटलं नाही. पटायला वेळ लागेल, काहींना लागणारच नाही. स्त्रीमंडळाला मात्र नोव्हेंबरात 'सुनांचा राग' या विषयावर बोलायला हवंय. म्हटलं येते, पण सासवाही बसल्या पाहिजेत.

संध्याकाळी बागायतदारांच्या बायकोचा फोन. रात्री थोडं झोपले, सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. सिव्हिलला यायला तयार आहेत, पण एकटे नाही, सिस्टर बरोबर पाहिजेत म्हणतायत. मेव्हणा गाडी काढतोय. मंगळवारी सकाळी लवकर केसपेपरच्या खिडकीपाशी भेटायचं ठरलंय. झोपेचं आणि जेवणाचं रोज वहीत लिहून आणायला सांगितलंय, डॉक्टर तेच पहिल्यांदा विचारतील.