‘लिस्ट विथ सिक्स आयटम्स’

गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी आठ वर्षांपूर्वी फुकटात करून दिली होती. फुकटातल्या कामाकडे माणूस परत वळून बघत नाही, मीही बघितलं नाही. गेल्या महिन्यात मला सातवीला गणित शिकवलेले सर लॅपटॉप काखेत मारून घरी आले. दृष्टी गेल्यापासून ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात. "अरे, तुझ्या साइटवर मला ग्रंथसूचीच सापडत नाही."

मी म्हटलं, सर, वरच तर आहे मेनूत.

त्यांनी टॅब दाबला. लोगो. पुन्हा टॅब. थेट शोधाची चौकट. मधले सहाही दुवे गायब! मी तेव्हा खऱ्या दुव्यांऐवजी सहा डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेले एचटीएमएलचे डबे, ठेवून त्यांना ऑनक्लिक (क्लिक केल्यावर काय करायचं ते) चिकटवलं होतं. माउसवाल्यांचं भागत होतं. बाण दाबत गेलं की "क्लिकेबल, मुखपृष्ठ" असं काहीतरी यायचं. "क्लिकेबल म्हणजे? नवं पान उघडणार, की इथंच काही होणार?" सरांचा प्रश्न रास्त होता.

डिव्ह काढून एचरेफसकट (पत्त्यासकट) ए, म्हणजे खरे दुवे, टाकले, भोवती नॅव्ह हा मेनूसाठीचा खास टॅग घातला. आता ‘डी’ हे पानाच्या मुख्य भागांवर (लँडमार्कवर) उडी मारायचं अक्षर दाबलं की सर थेट मेनूपाशी. मी हौसेनं आरिया-लेबल (स्क्रीन रीडरनं वाचायचं नाव) दिलं, ‘मुख्य नेव्हिगेशन’. यंत्र म्हणालं, "मुख्य नेव्हिगेशन, नेव्हिगेशन लँडमार्क." सर हसले, "एकदा सांगितलेलं कळतं हो मला." नॅव्ह स्वतःचा प्रकार स्वतःच सांगतो, लेबलात नुसतं ‘मुख्य’ पुरे. तळाच्या दुव्यांच्या नॅव्हला ‘तळाचे दुवे’.

खरा वाद यूएलचा, म्हणजे यादीच्या टॅगचा. नॅव्हच्या आत पुन्हा यूएल-एलआय (यादी आणि तिच्यातल्या नोंदी) घालणं मला कायम सोवळं वाटत आलंय. दुवे ओळीनं आहेतच, वर यादीचं वेष्टन कशाला? म्हणून सरांना दोन्ही ऐकवलं. यूएल लावल्यावर आवाज आला, "लिस्ट विथ सिक्स आयटम्स." सर म्हणाले, "हे ठेव. जिन्याला किती पायऱ्या आहेत ते आधी कळलं की पाय नीट पडतो." मी गप्प. (सफारीत यादीचे ठिपके सीएसएसनं, म्हणजे सजावटीच्या कोडनं, काढले की ॲपलचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर तिला यादी म्हणायचं सोडतो, पण नॅव्हच्या आत असली तर म्हणतो. म्हणजे नॅव्हचा हाही एक फायदा.)

‘सभासदत्व’खाली उघडणारा उपमेनू होता. नाव मेनू, म्हणून मी रोल इक्वल्स मेनू (‘हा मेनू आहे’ असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) लिहून मोकळा. तो रोल सॉफ्टवेअरमधल्या फाइल-एडिटसारख्या मेनूंसाठी आहे. फोकस तिथं पोचताच एनव्हीडीएनं वाचायचा मोड सोडून कळा थेट पानाकडे पाठवायचा मोड धरला आणि सरांची ‘डी’, ‘एल’ (याद्यांवर उडी मारायचं) ही अक्षरं चालेनाशी झाली. रोल उडवला, साधं बटण ठेवलं आणि आरिया-एक्सपांडेड लावलं. उपमेनू मिटलेला आहे की उघडा, हे आता ऐकू येतं. चालू पानाच्या दुव्याला आरिया-करंट ही ‘आपण इथं आहोत’ अशी खूण दिली, कारण मी तिथं फक्त रंग बदलून ठेवला होता.

दोन तास गेले, दोन चहा झाले. सर ऐटीत ‘ग्रंथसूची’वर पोचले, एंटर दाबला. शांतता. यादीची पीडीएफ होती, स्कॅन केलेली, म्हणजे नुसती चित्रं.

"आता हिचं काय?" सर म्हणाले.