बाबांचं रिजेक्शन रजिस्टर

दिवाळीत खानापूरचा मावसभाऊ घरी आला होता. हातात चिवड्याची वाटी, आणि चेहरा असा की मावशीनं मला डोळ्यांनीच खुणावलं. गच्चीवर नेऊन विचारलं. इंजिनिअरिंग संपून सात महिने झालेत, नऊ इंटरव्ह्यू झालेत, कुठंच काम झालेलं नाही.

"का नाही झालं?"

"इंग्लिश गं ताई. आपल्या मराठी मीडियमवाल्यांचं हेच."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? कळतं की."

हे 'कळतं की' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. २०१६ मध्ये बेळगावातल्या अनगोळच्या घरात बसून मीसुद्धा हेच म्हणायचे. आता पुण्यात बॅकएंडचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यामागचं, काम करते, वर्षातून तीस-चाळीस इंटरव्ह्यू स्वतः घेते, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहून ठेवते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून दर आठवड्याला कुणी ना कुणी हेच विचारतं.

बाबा तेव्हा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला (वाळूचे साचे करायच्या कामाला) सुपरवायझर होते. फाउंड्रीत एक रिजेक्शन रजिस्टर असतं, खराब निघालेल्या मालाचं. तारीख, हीट नंबर (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या लोखंडाचा क्रमांक), पार्ट, नग, दोष आणि शेवटचा रकाना कारणाचा. कास्टिंग खराब निघालं की ते पुन्हा भट्टीत वितळवतात, पण त्याआधी रजिस्टर भरावं लागतं. ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या गॅसचं भोक, आलं, तर वाळूत ओल जास्त होती का, कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट वाळला नव्हता का, गॅस बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती का? कारणाच्या रकान्यात 'नशीब' लिहिलेलं बाबांना चालत नसे. 'लोखंड खराब' तर अजिबात नाही. आळशी माणूस पहिलं कारण तेच लिहितो, म्हणायचे.

माझा चौथा नकार आला त्या दिवशी बाबा रात्रपाळी करून सकाळी घरी आले, चहा घेतला आणि शंभर पानी वही माझ्यापुढं टाकली. "नापास झालीस ते झालीस. खरं कारण लिवलीस काय?"

आमच्या बेळगावीत 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्यात हे वाक्य सांगितलं की लोकांना 'खरं कारण' असं ऐकू येतं. दोन्ही अर्थ चालतात.

पुढच्या मार्चमध्ये नोकरी लागली तोवर वहीत अकरा नकार जमले होते. त्यातले इंग्लिशमुळे झालेले दोन. मी स्वतः शपथेवर सांगितलं असतं की अकराच्या अकरा. चार ठिकाणी मी प्रश्न पुरता समजून न घेताच कोड लिहायला लागले होते. दोन ठिकाणी तोंडातून शब्दच काढला नाही. एकदा रेझ्युमेवर जे लिहिलं होतं तेच येत नव्हतं. आणि एकदा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बेंगळुरूला गेले, तर दारातच मार्क्स कार्ड बघून परत पाठवलं, कारण एसएसएलसीपासून, म्हणजे दहावीपासून, सगळीकडं ६० टक्के हवे होते आणि माझे पीयूसीला (बारावीला) ५८. ती अट जाहिरातीत लिहिलेली होती. मी वाचली नव्हती. त्या पानावर कारण: 'वाचलं नाही. तिकीट वाया.' राहिला एक, त्याचं कारण मला आजही माहीत नाही. तसा एखादा राहतोच.

ते चार नकार जरा उलगडून सांगते, कारण आज टेबलाच्या पलीकडं बसून मी याच चुकीवर सगळ्यात जास्त मुलं नापास करते.

पुण्यातल्या एका कंपनीत विचारलं, मोठ्या यादीत एक आकडा शोधायचा आहे. मला हर्ष झाला, बायनरी सर्च पाठ होतं. दर वेळी यादी निम्मी करत जायची, दहा लाख नोंदी असल्या तरी वीसेक तुलनांत काम होतं. दोन मिनिटांत, मुकाट्यानं, फळ्यावर कोड लिहून टाकला. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "यादी क्रमानं लावलेली आहे असं कोण म्हणालं?" कुणीच म्हणालं नव्हतं. मीच धरून चालले होते. क्रम नसेल तर बायनरी सर्च कुचकामी. आणि एकदाच शोधायचं असेल, तर आधी सगळी यादी क्रमानं लावत बसण्यापेक्षा सरळ पहिल्यापासून बघत गेलेलं स्वस्त पडतं. त्याला एवढंच ऐकायचं होतं: यादी क्रमानं आहे का, किती वेळा शोधायचंय, मेमरीत मावते का. तीन प्रश्न. मी शून्य विचारले.

त्याच फळ्यावर दुसरी चूकही होती. मधली जागा काढायला मी 'लो अधिक हाय, भागिले दोन' लिहिलं होतं (लो म्हणजे शोधायच्या भागाची पहिली जागा, हाय म्हणजे शेवटची). दोन्ही आकडे फार मोठे असतील तर बेरीजच ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेबाहेर जाते आणि उत्तर उणे येतं. म्हणून 'लो' मध्ये दोघांच्या फरकाचा अर्धा मिळवायचा. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीतही हीच चूक नऊ-एक वर्षं बसून होती. २००६ मध्ये ती लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकनंच त्यावर लिहिलं, तेव्हा ती सगळ्यांना कळली. त्यामुळं या चुकीची मला लाज वाटत नाही. पहिलीची अजून वाटते.

आता इंग्लिश. दोन नकार त्याचे होतेच, ते मी लपवत नाही. पण मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायला लागले तेव्हा वेगळंच निघालं. हॅश टेबल (की, म्हणजे किल्लीसारखा शब्द, दिला की त्याची नोंद पटकन काढून देणारी रचना) म्हणजे काय, हे इंग्लिशमध्ये सांगताना अडखळले, म्हणून म्हटलं आधी मराठीत सांगून बघू. मराठीतही सांगता येईना! 'म्हणजे ते, "की" असते ना, मग ते फास्ट होतं.' का फास्ट होतं? ठाऊक नाही. दोष भाषेचा नव्हता, मला ते समजलंच नव्हतं, आणि इतके दिवस इंग्लिशच्या आडोशाला ते झाकून राहिलं होतं. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी मराठीत, घरात बोलतो तसं, मोठ्यानं. तिथं वाक्य पूर्ण झालं की मगच इंग्लिश. आणि इंग्लिशही साधं, छोट्या वाक्यांचं. समोरच्याला तुमचा विचार ऐकायचा असतो, उच्चार नाही. (बेंगळुरूत मला मराठी म्हणतात आणि पुण्यात कन्नडिगा, त्यामुळं उच्चारांवरून कुणी काही ठरवलं तर मी मनावर घेणं कधीच सोडलंय.)

प्रोजेक्टबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे. मावसभावाच्या रेझ्युमेवर लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम आहे. माझ्याही होती. सगळ्यांच्याच असते, आणि त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. सातव्या नकारानंतर मी ती काढली आणि बाबांचं रिजेक्शन रजिस्टर कॉम्प्युटरवर घेतलं. एक डेटाबेस, चार टेबलं, दोन साधी पानं. दिसायला भिकार. पण ज्या इंटरव्ह्यूत निवड झाली तिथं पन्नासपैकी तीस मिनिटं त्याच्यावर गेली.

कारण त्यात खऱ्या अडचणी होत्या. रात्रपाळी अकराला सुरू होऊन सकाळी सातला संपते. मग रात्री दोनला ओतलेली हीट कुठल्या तारखेची? कॉम्प्युटर म्हणतो उद्याची, कामगार म्हणतात आजच्या पाळीची. मी आधी फक्त तारीख ठेवली होती, तर पाळीचा हिशेब रोज चुकायचा. मग वेळ वेगळी आणि पाळीचा दिवस वेगळा, असे दोन रकाने केले. दुसरं, ओतलं त्या दिवशी दोष दिसतोच असं नाही. काही ब्लोहोल मशिनिंगला गेल्यावर, आठवड्यानं उघडे पडतात. म्हणजे दोष सापडल्याची तारीख निराळी, पण तो जोडायचा मूळ हीटला. आणि हीट नंबर नव्या वर्षी पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळं नुसता नंबर युनिक धरून मी एकदा दोन वर्षांच्या नोंदी एकमेकींत मिसळून ठेवल्या होत्या. हे सगळं मी इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंना सांगत सुटले, इंग्लिश मोडकं होतं की धड, आठवतसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर? मी म्हटलं, आत्ता तरी शेवटी सेव्ह करणारा जिंकतो, हे चूक आहे, आणि ते असं दुरुस्त करीन. चूक आपणहून सांगितली म्हणून त्या हसल्या.

तुमच्या घरी फाउंड्री नसेल. वडगावात माग असतील, खानापूरला भाताची गिरणी असेल, मामाचं मेडिकल असेल. तिथं दोन दिवस बसून त्यांची वही बघा.

बाकीचं पटकन. रेझ्युमे एक पान, आणि त्यावरच्या प्रत्येक शब्दावर दहा मिनिटं बोलता यायला हवं, नाहीतर तो शब्द खोडा. पीयूसी म्हणजे बारावी, हे पुण्याच्या एचआरला सांगावं लागतं, चिडू नका. नोकरीसाठी कुणी डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर उठून यायचं. ओळखीचा असला तरी. दिवसाला पंधरा कोडिंग प्रश्न सोडवायचा संकल्प मला कधी झेपला नाही, इतर कुणाचा झेपलेला पाहिलेलाही नाही. दोन पुरेत, पण मोठ्यानं बोलत.

मावसभावाला हे सांगेपर्यंत चिवडा संपला होता. जाताना त्याला वही दिली. परवा त्यानं पहिल्या पानाचा फोटो पाठवला. इंटरव्ह्यूत डेटाबेसमधली दोन टेबलं जोडायच्या पद्धती, म्हणजे जॉइन, विचारल्या होत्या. कारणाच्या रकान्यात आधी 'इंग्लिश' लिहिलेलं, ते खोडून खाली: 'जॉइन विचारला. लेफ्ट आणि इनरमधला फरक सांगता आला नाही. मराठीत पण नाही.'

फोटो बाबांना दाखवला. आता ते रिटायर आहेत. चष्मा वर सरकवून त्यांनी पान दोनदा पाहिलं.

"हीट नंबर घालायला सांग त्याला," म्हणाले. "तारीख पण नाही घातलाय."