पट्टी पुसू नका, चाचा

२०१६ ची दिवाळी नुकतीच झाली होती. नाशिकच्या अंबड लिंक रोडवरच्या भंगाराच्या दुकानात उभी राहून मी ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकमेकींत अडकवल्या. झाले २७ व्होल्ट. हूटर, म्हणजे आगीच्या अलार्मचा भोंगा, २४ चा, तेवढं त्याला चालून जातं. लाल वायर लावली, काळी लावली. काही नाही.

"बोललो ना ताई, डेड पीस आहे. किलोवर घेऊन टाका," दुकानवाले चाचा म्हणाले.

मी वायरी उलट्या केल्या. पुढच्या क्षणाला शेजारच्या टायरवाल्याचं कुत्रं रस्त्यापलीकडे आणि चाचांच्या हातातला चहा त्यांच्या पायजम्यावर. आजूबाजूच्या पाच-सहा दुकानांतली माणसं बाहेर आली. तेव्हापासून त्या ओळीत माझं नाव पडलं भोंगावाली ताई.

भंगारात आलेले निम्मे 'डेड' हूटर असेच असतात. इमारतीत बसवलेले असताना पॅनेल, म्हणजे सगळा अलार्म चालवणारा मुख्य डबा, त्यांच्या वायरीवर सतत थोडा उलटा दाब ठेवतं, वायर कुठे तुटली तर कळावं म्हणून. हूटरमधला डायोड तो उलटा प्रवाह अडवतो, म्हणून एरवी शांतता. आग लागली की पॅनेल प्लस-मायनसची अदलाबदल करतं आणि बोंब सुरू होते. हे माहीत नसलेला माणूस एकदा वायर लावून बघतो आणि गेलाय म्हणून फेकून देतो. मी मात्र त्या दिवशी गाढवपणा केला. आधी वाजवला, मग भाव विचारला. ४० रुपयांचा तुकडा २०० वर गेला. आता आधी पैसे देते, घरी येऊन वाजवते.

आगीच्या अलार्मचं जुनं सामान मी हौसेने जमवते, माझा या धंद्याशी काडीचाही संबंध नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. पण वडील एका कंपनीत सिक्युरिटीला होते आणि १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू झाला की हाताने फिरवायचा सायरन त्यांच्याकडे असायचा. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, विझवायला गेलेले ६६ जवान गेले, हे ते दरवर्षी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे. माझं लक्ष सगळं हँडलकडे. पाचवीत असताना एकदा फिरवू दिला. हात दुखेपर्यंत फिरवला. बाकी मानसशास्त्र ज्यांना काढायचं त्यांनी काढावं.

माल मिळतो कुठे, हा प्रश्न मला नेहमी येतो. पूर्वी उत्तर सोपं होतं: लिंक रोड. एका बाजूला सातपूर, दुसऱ्या बाजूला अंबड, मध्ये भंगार. २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने तो बाजार उठवला आणि माझे चाचा वर्षभर गायब. मग एक दिवस फोन, "ताई, तुमचे लाल डबे आलेत." आता ते आडगावच्या बाजूला एका शेडमध्ये असतात. बुधवारच्या बाजारात गंगेवर क्वचित एखादी घंटा सापडते, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, पण तिथे जावं ते भाजीला. ऑनलाइन विकणारे काच फुटलेल्या कॉल पॉइंटला, म्हणजे काच दाबून अलार्म वाजवायच्या भिंतीवरच्या डबीला, 'अँटिक' म्हणतात आणि दीड हजार सांगतात. नमस्कार.

खरा हंगाम सिंहस्थाचा. कुंभमेळा तोंडावर आला की शहरातली लॉज आणि हॉटेलं रंगरंगोटी काढतात, छत उतरवतात, आणि जुनं सगळं गोणीत भरून बाहेर येतं. २०१५ च्या आधी मला अशीच एक गोणी भरून आरआय मिळाले. आरआय म्हणजे रिस्पॉन्स इंडिकेटर, हॉटेलच्या खोलीच्या दारावर छोटी चौकोनी डबी असते ना, मध्ये लाल दिवा, ती. आत बंद खोलीतला धूर ओळखणारा डिटेक्टर पेटला की बाहेर ही पेटते, म्हणजे धावत आलेल्या माणसाला चाळीस दारं ठोठवावी लागत नाहीत. दहा रुपयाला एक. आता २०२७ च्या तयारीत पुन्हा छतं उतरायला लागली आहेत आणि आमच्या ह्यांनी माळ्याला कुलूप लावायची धमकी दिली आहे.

डिटेक्टरच्या बाबतीत घोडं अडतं ते बेसवर. उतरवणारा इलेक्ट्रिशियन डोकं फिरवून काढतो आणि बेस छतालाच ठेवतो. तोडफोडीत तो पीओपीबरोबर मलब्यात. बेस नसलेलं डोकं म्हणजे होल्डरशिवायचा बल्ब. त्यामुळे जिथे काम चालू असेल तिथे मी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स घेऊन जाते आणि दोन स्क्रू काढायची विनंती करते. पेढ्यांनी झालेली कामं बऱ्याचदा पैशांनी होत नाहीत. अॅड्रेसेबल डिटेक्टर, म्हणजे पॅनेलला स्वतःचा पत्ता सांगणारे, मात्र मी सोडून देते. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, त्याच कंपनीचं पॅनेल नसेल तर नुसती पांढरी वाटी.

आणखी दोन गोष्टी मी घेत नाही. एक म्हणजे आयोनायझेशनचे जुने डिटेक्टर. मागे किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह असतं, आत अमेरिशियम-२४१ चा कण. त्याचं अर्धायुष्य ४३२ वर्षं. त्यातले अल्फा कण कागदानेही अडतात, पण कोणी हातोड्याने फोडला आणि ती धूळ पोटात गेली तर कागद काय कामाचा? असा माल आला तर फोडू नका, बाजूला ठेवा, ज्याने पाठवला त्याला सांगून मूळ पुरवठादाराकडे परत करा, असं चाचांना चित्र काढून शिकवलंय. आता ते चिन्ह बघून दुसऱ्यांनाही दटावतात.

दुसरं, चालू इमारतीतून निघालेला माल. एकदा एक पोरगा सहा डिटेक्टर घेऊन आला. स्वच्छ, पिवळे न पडलेले, आणि एकावर तपासणीचं स्टिकर, जुलै महिन्याचं. आपल्याकडे जानेवारी आणि जुलैत परवाना असलेल्या एजन्सीने यंत्रणा तपासून फॉर्म बी द्यायचा असतो. आम्ही बोलत होतो ऑगस्टमध्ये. म्हणजे कुठल्या तरी जिन्यात सहा रिकामे बेस लटकत होते. मी विचारलं, "कुठल्या बिल्डिंगचे रे?" तो गोणी उचलून चालू पडला.

आता पट्टीबद्दल. जुन्या पॅनेलवर प्रत्येक झोनसमोर, म्हणजे इमारतीच्या एकेका भागासमोर, नावाची पट्टी असते. विकणारे ती थिनरने पुसतात, पॅनेल नवं दिसावं म्हणून. मला ती पट्टीच हवी असते. लाल डबा कुठलाही चालेल. मागच्या महिन्यात चाचांकडे एका बंद पडलेल्या कारखान्याचं चार झोनचं पॅनेल आलं, तेव्हा मी फोनवरच ओरडले, "पट्टी पुसू नका, चाचा!" ९०० रुपये घेतले. सिटीलिंकच्या बसमध्ये मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने बॉम्ब आहे का विचारलं, मग स्वतःच हसला.

रविवारी १२ व्होल्टच्या दोन सीलबंद (एसएमएफ) बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या आणि चालू केलं. झोनला फॉल्ट, बझर थांबेना. ते होणारच होतं. प्रत्येक झोनच्या वायरीच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर असतो, ईओएल, म्हणजे एंड ऑफ लाइन. पॅनेल त्यातून बारीकसा प्रवाह सोडून वायर शाबूत असल्याची खात्री करतं. तो बसतो सगळ्यात लांबच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये, म्हणून पॅनेलबरोबर कधीच येत नाही. त्याची किंमत कंपनीप्रमाणे बदलते. एम. जी. रोडवरून आणलेले रेझिस्टर एकेक लावून पाहिले. ४.७ ला नाही, १० ला नाही, ६.८ किलोओहमला फॉल्टचे पिवळे दिवे विझले. सासूबाई आतून म्हणाल्या, "मेलं एकदाचं?"

मग निवांत पट्टी वाचली. झोन १ स्टोअर. झोन २ पेंट शॉप, त्यावर कोणी तरी बॉलपेनने 'बंद' लिहिलंय. झोन ३ कॅन्टीन. झोन ४ साहेब केबिन. प्रत्येक झोनला आयसोलेटचा खटका आहे, तो खाली केला की त्या झोनची बोंब पॅनेल ऐकून घेत नाही. तीन खटके वर होते. चौथा खाली, आणि तसाच राहावा म्हणून त्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे, कडा सिगारेटच्या रंगाच्या झालेल्या.

चिकटपट्टी मी काढलेली नाही.