तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टरची वर्गणी भरली, मग इन्शुरन्स सोडू का?

अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या मंडळींत हा प्रश्न सध्या फार फिरतोय. "तुमच्या त्या वर्गणीवाल्या डॉक्टरबाई आहेत ना, त्यांच्याकडे नाव नोंदवलं तर इन्शुरन्स बंद करता येईल का?" विचारणारे बहुतेक स्वतःचा व्यवसाय करणारे किंवा नोकरी गेलेले. मार्केटप्लेसच्या, म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स स्वतः घेण्याच्या सरकारी बाजाराच्या, प्लॅनवर मिळणारी वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपली आणि हप्ते एकदम अंगावर आले, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे.

माझं उत्तर: इन्शुरन्स सोडू नका. पण असा डॉक्टर मिळत असेल तर जरूर धरा.

या पद्धतीला इथे डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात, थोडक्यात डीपीसी. डॉक्टरला दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, मोठ्या माणसाला साधारण ५० ते १५० डॉलर. त्यात तपासणी, फोन, मेसेज, किरकोळ टाके-ड्रेसिंग सगळं आलं. इन्शुरन्स कंपनीला बिल जातच नाही. कोड टाका, क्लेम पाठवा, नाकारला की परत पाठवा, हे काम दवाखान्यात उरत नाही, म्हणून कमी पेशंटवर डॉक्टरचं भागतं. नेहमीच्या दवाखान्यात एका डॉक्टरच्या नावावर २,०००च्या आसपास पेशंट असतात; इथे बहुधा काहीशे. कॉन्सिएर्ज डॉक्टर म्हणतात ते वेगळे. ते फीही घेतात आणि वर सहसा इन्शुरन्सलाही बिल लावतात.

कमी पेशंट म्हणजे काय, हे मला यजमानांच्या बीपीमुळे कळलं. आधीच्या दवाखान्यात दोन वर्षांत तीनदा गोळी वाढवली. प्रत्येक भेट दहा-बारा मिनिटांची, डॉक्टरांची नजर स्क्रीनवर. घरी मोजलेल्या आकड्यांची वही आम्ही नेत होतो, ते आकडे बघायचे आणि डोस वाढवायचे. उठताना चक्कर येते हे सांगायला वेळच मिळायचा नाही.

या बाईंनी पहिल्याच भेटीला घरचं मशीन घेऊन यायला सांगितलं. म्हणाल्या, "रोज मोजता तसं मोजून दाखवा." यजमानांनी पायावर पाय टाकून, माझ्याशी बोलत बोलत पट्टा बांधला. बाई काही न बोलता बघत राहिल्या. मग टेप काढून त्यांचा दंड मोजला आणि पट्टा उलटा करून त्यावर छापलेलं माप आम्हाला दाखवलं. पट्टा लहान होता. लहान पट्ट्याने बीपी खऱ्यापेक्षा जास्त येतं, पायावर पाय आणि बोलणं यानेही वाढतं. पाच मिनिटं गप्प बसवून, मोठ्या पट्ट्याने दोनदा मोजलं. मग दोन आठवडे रोज मेसेजवर आकडे मागवले आणि एक गोळी हळूहळू बंद केली. चक्कर थांबली. यात ना महागडं यंत्र होतं, ना तपासणी. पाऊण तास होता. महिन्याच्या वर्गणीत मी हा पाऊण तास विकत घेते, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

आता दुसरी बाजू. आमच्या परिचयाच्या एका जोडप्याने अशीच वर्गणी भरली आणि इन्शुरन्स सोडला. दोघंही तिशीतले, धडधाकट. एका रात्री त्याच्या पोटात दुखायला लागलं. त्यांच्या डॉक्टरांनी फोन उचलला, उजवीकडे खाली दाबून हात पटकन सोडायला लावला, सोडताना कळ जास्त येते म्हटल्यावर सांगितलं, "आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत जा." डॉक्टरने आपलं काम चोख केलं. पण अपेंडिक्सचं ऑपरेशन, भूल, स्कॅन, दोन रात्रींची खोली, यातलं काहीच त्या वर्गणीत बसत नाही. १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत पैशांवाचून कुणाला परत पाठवता येत नाही, हे खरं. पण बिल येतंच. ते हजारो डॉलर अजून हप्त्यांनी फेडताहेत. तिने मला बिल दाखवलं तेव्हा पानं उलटताना तिचा हात थरथरत होता. ते आठवलं की कुणालाही "सोडा इन्शुरन्स" म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

कायद्यानेही या दोन गोष्टी जोडीनेच धरल्या आहेत. २०१०च्या आरोग्य कायद्यात डीपीसीला जागा आहे ती इन्शुरन्स प्लॅनच्या जोडीने. आणि १ जानेवारी २०२६ पासून एक चांगली गोष्ट झाली. आधी अशी वर्गणी असली की एचएसएत, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या करमुक्त बचत खात्यात, पैसे भरण्याचा हक्क धोक्यात यायचा. आता वर्गणी एकट्याला महिना १५० आणि कुटुंबाला ३०० डॉलरच्या आत असेल तर एचएसए चालतं, वर्गणीही त्यातून भरता येते. मार्केटप्लेसचे ब्राँझ प्लॅनही (हप्ता कमी, पण खर्चाचा स्वतःचा वाटा जास्त) आता एचएसएला चालतात. आम्ही हीच जोडी लावली आहे: ब्राँझ प्लॅन, एचएसए आणि बाई. फक्त लस सोडून इतर औषधं वर्गणीतच धरलेली असतील तर ही सवलत अडते, तेव्हा औषधांचे पैसे वेगळे घेतात ना, हे आधी विचारा.

वर्गणीचे पैसे सहसा इन्शुरन्सच्या डिडक्टिबलमध्ये, म्हणजे इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायच्या रकमेत, मोजले जात नाहीत. आणि तुमचा प्लॅन एचएमओ, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या ठरावीक डॉक्टरांपुरता, असेल तर स्पेशालिस्टकडे जायची चिठ्ठी सहसा त्या नेटवर्कमधल्या डॉक्टरचीच लागते. वर्गणीवाल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालेलच असं नाही. मी स्वतः हे न विचारता प्लॅन घेतला होता, आणि हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्यापायी एक महिना पुढे गेली.

सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांसाठी विचारत असाल तर व्हिजिटर इन्शुरन्स घ्याच. त्यात बहुतेक वेळा जुनी दुखणी बसत नाहीत. मधुमेह-बीपीच्या रोजच्या देखभालीसाठी वर्गणीवाला डॉक्टर तिथे फार उपयोगी पडतो, कारण जुनं दुखणं आहे म्हणून तो सहसा नाही म्हणत नाही. थोड्या महिन्यांसाठी घेता का, एवढं फोन करून विचारा.

आणि नाव नोंदवायला जाताना घरचं बीपी मशीन पट्ट्यासकट बरोबर घ्या.