ताडपत्रीच्या शिवणीपासून बंधाऱ्याच्या कापडापर्यंत : आमची वाटचाल

इचलकरंजीत आमच्या वडिलांचे ताडपत्र्या शिवण्याचे दुकान होते. ट्रकवर आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर टाकायच्या ताडपत्र्या तेथे शिवल्या जात, आणि पाणी शिरते ते कापडातून नव्हे, शिवणीतून, हे त्यांचे सांगणे आम्हां भावंडांच्या कानांवर रोज पडे. पुढे एका ठेकेदाराने कोकणातील धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी दगडांखाली अंथरायच्या जिओटेक्स्टाइल या कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे पट्टे जोडून द्याल का, असे विचारले, तेव्हा शिवणकामच तर आहे, असे समजून आम्ही होकार दिला.

वाळूवर नुसते दगड रचले, तर परतणारी लाट फटींतून वाळू ओढून नेते. वरचे दगड शाबूत दिसतात, पण खालचा आधार निघून गेल्याने बंधारा हळूहळू खचतो. त्यासाठी पूर्वी बारीक खडी, तिच्यावर जाड खडी, मग लहान दगड असे थर देत. परंतु भरती-ओहोटीच्या पाण्यात ते एकसारखे पसरणे फार अवघड असते. पाणी जाऊ देणारे आणि वाळू अडवणारे कापड हे काम करू शकते, हे १९५८ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर काँक्रीटच्या ठोकळ्यांखाली विणलेले प्लॅस्टिकचे कापड घालून दाखवले गेले होते.

आमचे पहिले काम मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात बिघडले. बंधाऱ्यावर परातीएवढा खळगा पडल्याचा निरोप आला. ओहोटी साधून आम्ही दगड बाजूला केले, तर शिवण जशीच्या तशी होती. पण जेथे दोन पट्टे न शिवता एकमेकांवर टाकले होते, तेथे ते सरकून मध्ये वीतभर फट पडली होती आणि तिच्यातून वाळू निघून गेली होती. थोड्या अंतरावर ट्रकमधून थेट ओतलेल्या दगडाने कापड फाडलेले होते. पट्टे केवळ हातभर चढवलेले होते, आणि ते माप आम्हीच सांगितले होते. तेवढा भाग आम्ही स्वखर्चाने पुन्हा करून दिला.

तेव्हापासून पाण्याखाली पट्टा पट्ट्यावर किमान एक मीटर चढवावा, पहिला थर लहान दगडांचा आणि क्रेनच्या बकेटने अलगद सोडावा, आणि पायथ्याची कडा दगडांभोवती गुंडाळून वाळूत खोल पुरावी, असा आमचा आग्रह असतो. हे कापड ज्याचे बनते त्या पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकला ऊन मानवत नाही, म्हणून गुंडाळ्या काळ्या आवरणातच रवाना होतात. शिवण मूळ कापडाइतकी मजबूत कधीच नसते. म्हणून प्रत्येक खेपेतील शिवणीचा तुकडा प्रयोगशाळेत ताणून तोडून पाहिला जातो.

वाळू भरायच्या जिओबॅगाही आम्ही आता शिवतो. ओडिशातील पेंठा येथे आयआयटी मद्रासच्या आराखड्यानुसार मोठ्या जिओट्यूबचा, म्हणजे वाळूने भरलेल्या कापडाच्या लांबलचक नळ्यांचा, बांध उभा आहे. तेवढ्या आकाराचे काम आमच्या यंत्रांवर होत नाही, आणि तसे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. बॅग ठासून न भरता सुमारे ऐंशी टक्केच भरावी, म्हणजे ती शेजारच्या बॅगेला नीट बिलगून बसते. बंधाऱ्यामागची जमीन वाचली, तरी त्याच्या टोकापलीकडची वाळू वाहून जाऊ शकते. गावकऱ्यांना हे काम सुरू होण्यापूर्वीच समजले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आज आमच्याकडे शिवलेल्या प्रत्येक पट्ट्याच्या कडेला शिवणाऱ्या बाईचे आद्याक्षर आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली असते, आणि गुंडाळी बांधण्यापूर्वी पूर्ण शिवणीवरून हात फिरवण्याचे काम मी अजूनही स्वतःच करतो.