तुम्ही विचारलंत म्हणून: हात कसा धजतो?

डंबो ऑक्टोपसचा, म्हणजे कानांसारखे दोन पर असलेल्या खोल समुद्रातल्या ऑक्टोपसचा, व्हिडिओ दाखवला की कुणीतरी विचारतंच, "एवढा गोजिरवाणा जीव, चिरायला हात कसा धजतो तुमचा?" बारा वर्षं ऐकते आहे. आज एकदाच नीट सांगते.

ज्यांना तुम्ही कान म्हणता ते पर आहेत. आत, दोन परांच्या मध्ये, त्यांना आधार देणारं एक कवच असतं. किनाऱ्यावर समुद्रफेन सापडतं ना, ते माकुलीचं आतलं कवच. उथळ पाण्यातल्या ऑक्टोपसांमध्ये ते जवळजवळ नाहीसंच झालंय. खोल समुद्रातल्या या परवाल्यांनी ते राखलं, पण कूर्चेसारखं मऊ, अर्धपारदर्शक. ग्रिंपोट्यूथिस या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) ते इंग्रजी यू अक्षरासारखं, सिरोट्यूथिसमध्ये खोगिरासारखं. प्रजाती ठरवताना हा आकार बघावा लागतो, आणि बाहेरून तो दिसत नाही.

माझ्याकडे आलेला नमुना ओपिस्थोट्यूथिस या प्रजातीचा होता, धिरड्यासारखा पसरलेला, अरबी समुद्राच्या उतारावरून ट्रॉलच्या जाळ्यात आलेला. याच प्रजातीतली फिलिपी ही जाती १९७६ मध्ये केरळपलीकडच्या समुद्रातून नोंदवली गेली होती. आमचा नमुना त्याच जातीचा का, हे मला बघायचं होतं. बरणीत एकच नमुना. चिठ्ठीवर खोली आणि तारीख, बाकी शाई पुसलेली.

दोन दिवस मी बाहेरून बघितलं. भुजांवरचे चूषक मोजले, त्यांच्या दोन्ही बाजूंचे केसांसारखे तंतू भिंगाखाली रेखाटले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाठीकडून छेद घेतला. इतक्या वर्षांच्या फॉर्मॅलिनने ऊती ताठ झाल्या असतील असं मी धरून चालले होते. कातडीखालचा जेलीसारखा थर मात्र पात्याला अडलाच नाही. बोटांना एक बारीकसा अडथळा लागला आणि लगेच सुटला. तेवढ्यात कवच मधोमध दुभंगलं. ओल्या टिपकागदावर दोन तुकडे जुळवत संध्याकाळपर्यंत बसले. दर वेळी कोन वेगळा यायचा. मग कडा सुकून आत वळायला लागल्या. मॅडम येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "राहू दे आता, जेवून ये." मी गेले नाही. माझ्या प्रबंधात त्या रकान्यात दोनच शब्द आहेत: कवच तुटलेले.

पुष्कळ वर्षं मी दोष बरणीला दिला, जुन्या फॉर्मॅलिनला दिला. खरं म्हणजे मला घाई होती. आठवड्याने सादरीकरण होतं आणि हातात दाखवण्यासारखं काही हवं होतं. "चिरल्याशिवाय कळत नाही," असं तेव्हाची मी ठासून सांगायची. तिच्याशी मी अजून भांडते.

२०२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या झीग्लर आणि सागोर्नी या संशोधकांनी ग्रिंपोट्यूथिस इंपेरेटर ही नवी जाती वर्णन केली. उत्तर प्रशांतातल्या एंपरर पर्वतरांगेत, ४००० मीटरहून खोल, सोन या जर्मन जहाजाला २०१६ मध्ये मिळालेला एकच नमुना. न चिरता आतलं दाखवणारे एमआरआय आणि मायक्रो-सीटी हे स्कॅन काढले, जनुकांसाठी ऊतीचा छोटा तुकडा घेतला, बाकी प्राणी अख्खा. कवच, कल्ले, मेंदू, सगळं पडद्यावर फिरवून बघता येतं. त्यातलं ते सलग कवच मी फिरवून फिरवून पाहिलं आणि मला रडू आलं.

तरीही तुमचा प्रश्न मला टोचतोच. या ऑक्टोपसांना शाईची पिशवी नसते, ते छोटे कवचधारी प्राणी अख्खेच गिळतात, हे कशावरून कळलं? कुणीतरी पोट उघडून पाहिलं म्हणून. स्कॅनमधली करडी सावली म्हणजे अमुक अवयव, हे आधी चिरून पाहिलेल्यांमुळेच ओळखू येतं. ती माणसं निर्दय नव्हती. मीही नाही. पण माझ्या पात्याने जे गेलं ते या युक्तिवादाने परत येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता आमच्याकडे आणखी एक बरणी आली आहे. स्कॅनसाठी अर्ज केलाय, मंजुरी यायचीय. मॅडम निवृत्त झाल्या, फोनवर विचारतात, "उघडलीस का गं?" अजून नाही, म्हणते. मंजुरी आलीच नाही तर काय करणार, हे त्यांनी विचारलेलं नाही, आणि विचारलं तर आज माझ्याजवळ उत्तर नाही.