फोर्डची भिशी

बाबा अमेरिकेत आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचा तो प्रश्न येतोच. "या गाडीचे किती राहिले?"

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. इथे गाडीशिवाय कोथिंबिरीची जुडीही आणता येत नाही. गाडी घेतली आणि अर्थातच हप्त्यावर घेतली. बाबांनी आयुष्यात कर्ज काढलं एकदाच, घरासाठी, आणि तेही मुदतीच्या आधी फेडलं. शेवटच्या हप्त्याची पावती अजून कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली आहे.

या खेपेला त्यांना डिअरबॉर्नच्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात नेलं. तिथे फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीतून चक्कर मारायला मिळते. आमच्या वाट्याला आलेल्या गाडीला ड्रायव्हरच्या, म्हणजे इथे डाव्या, बाजूला दार दिसत होतं, पण ते नुसतं पत्र्यावर उठवलेलं; उघडत नाही. ड्रायव्हरसुद्धा आपल्यासारखाच उजवीकडून चढतो आणि सरकत जातो. पायाशी तीन पेडल, पण त्यात ॲक्सिलरेटर नाही. तो स्टिअरिंगखाली, हाताने ओढायची एक दांडी. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. काटा वगैरे काही नाही. सीट उचलायची, झाकण काढायचं, काठी बुडवायची आणि किती ओली झाली ते बघायचं. हे बाबांना फार पटलं. "आमच्याकडे रॉकेलच्या डब्यात आई हेच करायची," म्हणाले. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच इंजिनात उतरायचं, त्यामुळे टाकी खाली होत आली की मोठा चढ लोक रिव्हर्समध्ये चढायचे. हे ऐकून तर बाबा खूशच झाले.

मग त्यांनी किंमत विचारली. १९०८ मध्ये साडेआठशे डॉलर. १९१३ पासून गाड्या सरकत्या साखळीवर जोडायला लागले, सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे तिथे दीड तास पुरायला लागला, आणि १९२५ च्या सुमाराला दोन माणसांचं साधं मॉडेल २६० डॉलरवर आलं. फोर्डच्या कारखान्यात तेव्हा रोज किमान सहा डॉलर. म्हणजे दोन महिन्यांच्या आतबाहेरचा पगार.

"मग रोख घेत असतील," बाबा.

नाही ना! इथेच तर सगळी गंमत आहे.

हेन्री फोर्डला उधारीचा मनस्वी तिटकारा. १९२३ मध्ये त्याने एक योजना काढली: दर आठवड्याला बँकेत पाच डॉलर भरा, व्याजही मिळेल, पूर्ण पैसे जमले की गाडी घेऊन जा. थोडक्यात भिशीच, फक्त फोडायला कोणी नाही. बाबा ऐकता ऐकता थांबले. त्यांनी स्कूटर बुक केली होती तेव्हा पैसे आधी भरले होते आणि नंबर लागला तेव्हा मी पहिलीत होतो. फोर्ड हा माणूस त्यांना एकदम घरचा वाटायला लागला.

अमेरिकेला मात्र तो तसा वाटला नाही. पलीकडे जनरल मोटर्सने १९१९ मध्येच कर्ज देणारी स्वतःची कंपनी उघडली होती. साधारण एक तृतीयांश रक्कम आज द्या, उरलेली वर्षभरात, आणि गाडी आजच दारात. शिवाय रंग! फोर्डची गाडी १९१४ पासून दहा-अकरा वर्षं काळीच होती. तिकडे जनरल मोटर्सकडे लवकर वाळणारा नवा लॅकर रंग आला आणि शेजारच्या दारात निळी गाडी उभी राहिली. आता दर आठवड्याला पाच डॉलर साठवत, खिडकीतून ती निळी गाडी बघत कोण बसणार? फोर्डची भिशी बसली.

अमेरिकेतल्या या १९२० च्या दशकाला जॅझ युग म्हणतात; ते म्हटलं की बॉबकट, झालरीचे फ्रॉक आणि दारूबंदीतली चोरून दारू हे सगळं येतंच. मला त्यात जास्त कौतुक हप्त्याचं वाटतं. शिलाई मशीन आणि पियानो आधीही हप्त्यावर मिळायचे, पण उधारीवर घेतलं हे चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. गाडीने ती लाज घालवली. मग रेडिओ, व्हॅक्यूम क्लीनर, वॉशिंग मशीन, सगळं तसंच यायला लागलं. लोकांच्या हातात पैसा आला हे खरंच. पण उद्याचा पैसा आजच आपला मानायची सवय लागली, ती मला त्याहून मोठी वाटते.

तेव्हा लिंड नावाचं एक समाजशास्त्रज्ञ जोडपं इंडियानातल्या मन्सी गावाचा अभ्यास करत होतं. गाडी बाळगणाऱ्या पण पडक्या-झडक्या घरांत राहणाऱ्या २६ कुटुंबांना त्यांनी विचारलं, घरात अंघोळीचा टब आहे का? २१ घरांत नव्हता. एका आईने सांगितलं, कपड्यांवाचून राहू, पण गाडी सोडणार नाही. मला तिचं मुळीच हसू येत नाही. गाडी आली आणि दिवाणखान्यात आई-वडिलांसमोर बसून बोलणारी तरुण मुलं-मुली बाहेर पडली. टबात बसून कुठे जाता येतं?

हप्ता सगळ्यांना सारखा मात्र नव्हता. याच डेट्रॉइटमध्ये १९२५ साली ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी गोऱ्यांच्या वस्तीत साडेअठरा हजार डॉलरचं घर घेतलं, साडेतीन हजार रोख आणि बाकी हप्त्याने. राहायला आले त्याच्या दुसऱ्या रात्री जमावाने दगडफेक केली, घरातून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक माणूस मेला आणि घरातली अकरा माणसं खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात गेली. क्लॅरेन्स डॅरो या नामवंत वकिलांनी त्यांच्या बाजूने खटला लढवला. पुढच्या वर्षी डॉक्टरांचा भाऊ निर्दोष सुटला. ते घर गारलंड अव्हेन्यूवर आहे. बाबांना तिकडून नेलं तेव्हा त्यांनी 'हप्ता किती' विचारलं नाही.

फोर्डनेही शेवटी हात टेकले. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली आणि १९२८ मध्ये त्याच्याही कंपनीने कर्ज द्यायला सुरुवात केली. दीडेक वर्षात शेअर बाजार कोसळला. तिथेही लोकांनी थोडे रोख, बाकी उसने अशीच खरेदी केली होती. आणि गाडीचा एक हप्ता चुकला तरी गाडी जायची, भरलेले पैसेही त्यातच जायचे.

हे सगळं मी परतीच्या रस्त्यावर सांगत होतो. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

"किती राहिले म्हणालास?"

"बत्तीस."

त्यांनी मान हलवली, मग बाजूचं बटण दाबून सीट थोडी मागे घेतली, आणखी थोडी घेतली, आणि डोळे मिटून म्हणाले, "सीट मात्र छान आहे हो."